रोखे कपाटात, घर गहाण : अर्थमंत्र्यांना एका हिशोबनिसाचं खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

महोदया, सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचे, हिशोब मी सत्तावीस वर्षं लिहितोय. भागीदारी फर्म आहे, तीन भागीदार, तिघंही एकाच घरातले. माझी मागणी एका ओळीत मावते : जागा विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायला आयकराच्या कलम ५४ ईसीखाली घेतलेले बॉण्ड बँकेकडे तारण ठेवायला परवानगी द्या. एवढं वाचून पत्र बाजूला ठेवलंत तरी माझं काम झालं. पुढचं लिहितोय ते ही मागणी कुठून आली ते कळावं म्हणून.

मध्यंतरी आमच्याकडे उद्योजकांचा एक मेळावा झाला. पाहुणे छान बोलले. उद्योगांनी पायाभूत सुविधांचे रोखे घ्यावेत, राष्ट्रउभारणीला हातभार लावावा, वगैरे. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एका मशीन शॉपवाल्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "हातभार राहू दे, टॅक्स किती वाचतो ते सांगा." मला त्यांचा प्रश्न पाहुण्यांच्या भाषणापेक्षा जास्त प्रामाणिक वाटला. धंदेवाला माणूस रस्त्याला, विजेला, रेल्वेला पैसे देतो तो स्वतःच्या गणितानं देतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट ज्यात देणाऱ्याचंही गणित जमतं तोच पैसा वर्षानुवर्षं येत राहतो. भाषणानं आलेला पैसा एका हंगामापुरता.

आमचं गणित सांगतो.

आमचं मूळ शेड कोल्हापूर शहरात, शिवाजी उद्यमनगरात. थोरल्या मालकांच्या, म्हणजे अण्णांच्या वडिलांनी ऑईल इंजिनांच्या जमान्यात तिथं क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, उभा केला होता. आजूबाजूला वस्ती वाढली, धुराच्या तक्रारी वाढल्या, काम सगळं शिरोलीला आलं आणि ते शेड नुसतं पॅटर्न ठेवायचं गोदाम होऊन बसलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते विकलं. खरेदीखत झालं, मुद्रांक, दलाली सगळं जाऊन आणि महागाई निर्देशांक लावून करपात्र नफा निघाला ६२ लाख. त्या वेळी अशा नफ्यावर कर होता २० टक्के, वर ४ टक्के सेस. आमचे सीए म्हणाले, खरेदीखताच्या तारखेपासून सहा महिने आहेत. ५० लाखांपर्यंत चोपन्न ईसीचे बॉण्ड घ्या, तेवढ्यावर कर शून्य. उरलेल्या १२ लाखांवर भरून टाका.

५० लाखांवर वाचणारा कर १० लाख ४० हजार. बदल्यात पैसे पाच वर्षं अडकणार, व्याज ५.७५ टक्के, म्हणजे वर्षाला २ लाख ८७ हजार ५००, आणि त्या व्याजावर फर्मला ३१.२ टक्के कर. दुसऱ्या बाजूला आमचं कॅश क्रेडिट (सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेनं दिलेली उचल) साडेदहा टक्क्यांचं, काठोकाठ वापरलेलं. कर भरून उरलेले ३९ लाख ६० हजार सीसीत टाकले असते तर व्याज वाचलं असतं ते धरायला हवं. मी दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. व्याजावर व्याज न धरता, पाच वर्षांच्या शेवटी बॉण्डची बाजू साधारण सहा लाखांनी जड. अण्णांनी कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं (ही त्यांची सवय आहे, कोटेशनही तसंच वाचतात) आणि म्हणाले, "घेऊन टाका."

मग मात्र त्यांनी विचारलं, "पण हे पैसे जात्यात कुठं?"

मी सांगितलं. आपण घेतोय ते वीज क्षेत्राला कर्ज देणाऱ्या सरकारी कंपनीचे बॉण्ड. ती राज्याराज्यांतल्या वीज कंपन्यांना कर्ज देते, त्यातून लाईन टाकतात, सबस्टेशन उभी राहतात.

"म्हणजे आपण वीजवाल्यांना उसनं देणार, आणि बिल थकलं की तेच येऊन आपली लाईन तोडणार."

तसंच म्हणायचं. पण या विनोदात एक खरं कारणही आहे. आमची इंडक्शन फर्नेस. धातू वितळत असताना वीज गेली की काय होतं ते ज्यानं पाहिलंय त्याला सबस्टेशन म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही. अर्धवट थंड झालेला रस भट्टीत गोठतो, अस्तर फुटतं, पाळीच्या पाळी वाया जाते. तेव्हा रात्री दहानंतरची वीज स्वस्त पडायची म्हणून आमची भट्टी रात्री लागायची, आणि अण्णा बारा वाजता घरून फोन करून विचारायचे ते एकच : "लाईट हाय न्हवं?" अशा माणसानं विजेच्या कंपनीला पैसे देणं हा दानधर्म नव्हे. तरीही खरं तेच लिहितो : नुसत्या विजेसाठी अण्णांनी पाच पैसेही पाच वर्षं अडकवले नसते. टॅक्स वाचत होता म्हणून अडकवले.

आणखी एक कारण कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. भागीदारी घरातली असली की हातात आलेल्या रकमेवर तीन डोळे असतात. धाकट्या मालकांना गाडी घ्यायची होती, मधल्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ५० लाख बँकेत नुसते पडले असते तर दिवाळीपर्यंत त्याचे तीन वाटे झाले असते आणि तीन मनंही. बॉण्ड घेतले, विषय मिटला. "ते पैसे अडकलेत" हे वाक्य एकत्र कुटुंबात फार कामाला येतं. तेव्हा कुलपाला माझा विरोध नाही हे आधीच नोंदवतो.

फॉर्म भरायला आम्ही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेलो. सहा महिन्यांची मुदत एप्रिलमध्ये संपणार होती. एका बँकेच्या शाखेत काउंटरवरच्या मुलानं फॉर्म हातात घेऊन हे म्युच्युअल फंडाचं आहे का विचारलं, दुसऱ्या शाखेत फॉर्म घेतला पण फर्मच्या पॅनऐवजी अण्णांचा पॅन टाकला. ती चूक माझ्या नजरेला आली म्हणून निभावलं. शेड फर्मचं, नफा फर्मचा आणि बॉण्ड अण्णांच्या नावावर, तर सगळी सूट पाण्यात. असो. बॉण्ड मिळाले, मी ताळेबंदात उजव्या बाजूला गुंतवणुकीखाली ५० लाख लिहिले. त्याच पानावर डाव्या बाजूला कॅश क्रेडिट १ कोटी १८ लाख. पाच वर्षं ही दोन आकड्यांची जोडी मी दर ३१ मार्चला लिहीत आलो. उजवीकडे पावणेसहा टक्क्यांनी आम्ही देणेकरी शोधलेला, डावीकडे साडेदहा टक्क्यांनी आम्हीच देणेकरी.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी चढलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. सांगली फाट्याच्या अलीकडे-पलीकडे ट्रकच्या रांगा लागल्या, त्यात आमच्या दोन गाड्या. एक पुण्याला निघालेली, एक होसूरला. कास्टिंग नासत नाही, ते दूध नव्हे. पण गिऱ्हाईकाची लाईन थांबते. त्या वर्षी गाड्यांच्या धंद्यात आधीच मंदी होती, शेड्यूल अर्ध्यावर आलेलं, त्यात हा पूर. ज्यांना माल पोचला नाही त्यांनी आधीच्या मालाचे पैसेही लांबवले. पगार, पिग आयर्न, स्क्रॅप, वीजबिल, सगळं एकाच महिन्यात तोंड वासून उभं.

बँकेकडे तात्पुरती वाढीव मर्यादा मागितली, २० लाखांची. मॅनेजर भला माणूस. म्हणाले, देतो, पण वाढीव तारण लागेल. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐटीत सांगितलं, "साहेब, ट्रिपल ए रेटिंगचे ५० लाखांचे सरकारी कंपनीचे बॉण्ड आहेत. ते घ्या की."

मॅनेजर हसले नाहीत, उलट त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाले, "घेतले असते हो. तुमचीच सूट जाईल."

मी घरी जाऊन कायदा पुन्हा वाचला. बॉण्ड मुदतीआधी विकले किंवा त्यांचे पैसे केले, तर आधी माफ झालेला नफा त्या वर्षी करपात्र होतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याखालच्या स्पष्टीकरणात असंही आहे की बॉण्डच्या तारणावर कर्ज किंवा उचल घेतली तर ज्या दिवशी कर्ज घेतलं त्याच दिवशी बॉण्डचे पैसे केले असं मानलं जाईल. म्हणजे २० लाखांची उचल घ्यायला गेलो असतो तर १० लाखांचा कर परत गळ्यात पडला असता.

शेवटी बँकेनं जे मागितलं तेच द्यावं लागलं. अण्णांच्या राहत्या घराचे कागद. वहिनींची सही घ्यायला मीच गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग न वाचता बाकीच्या पानांवर सह्या केल्या आणि विचारलं, "तुम्ही पाटातलं पाणी अडवून ठेवलंय म्हणता, मग माझं घर कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. म्हणून आपल्याला लिहितोय.

कारण पाहा, बॉण्ड तारण ठेवल्यानं सरकारी कंपनीकडचा एक रुपयाही हलत नाही. आम्ही दिलेले ५० लाख पाच वर्षं तिच्याकडेच आहेत. खांब उभे राहायचे ते राहतात, तारा ओढायच्या त्या ओढल्या जातात. आम्हाला पैसे दिले असते ते बँकेनं, तिच्या ठेवींतून, व्याज घेऊन. फक्त बँकेच्या कपाटात घराच्या कागदाऐवजी बॉण्डचा कागद असता. बॉण्ड विकणं आणि बॉण्ड गहाण टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या गावात दागिन्यांच्या बाबतीत लहान पोरालाही कळतं. पाटल्या सराफाकडे ठेवल्या म्हणून कुणी मोडल्या म्हणत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. मे महिन्यात आपल्या सरकारनं छोट्या उद्योगांसाठी आपत्कालीन कर्ज हमी योजना आणली. फेडायच्या शिल्लक कर्जाच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज, सरकारची शंभर टक्के हमी, बँकांना व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के. आम्ही घेतलं, आणि त्याबद्दल मनापासून आभार. त्या कर्जानं आमची भट्टी परत पेटली. पण हिशोब लिहिताना हात थबकला. सरकार आमच्या २३-२४ लाखांना हमी राहिलं आणि आमचे ५० लाख सरकारी कंपनीकडे पडलेले. आम्ही तिच्याकडून पावणेसहा टक्के घेत होतो आणि तिच्याच मालकाच्या हमीवर सव्वानऊ टक्क्यांनी उचलत होतो. बॉण्ड तारण ठेवता आले असते तर त्या हमीची गरजच आम्हाला पडली नसती. ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडली असती.

पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर, पुन्हा शिरोलीला महामार्ग बंद. ते सगळं परत सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये बॉण्ड फिटले, पैसे आले, घराचे कागद सोडवले. वहिनींनी पेढे वाटले. पेढे कशाचे हे मुलांना कळलं नाही.

आता आपल्याकडचे अधिकारी काय म्हणतील त्याचा विचार मीही केलाय. ते म्हणतील, तारणाला परवानगी दिली तर माणूस एका हातानं करमाफी घेईल आणि दुसऱ्या हातानं बँकेतून तीच रक्कम उचलेल. मग त्यानं पैसे अडकवले कुठे? शंका रास्त आहे. पण ती रक्कम फुकट मिळत नाही. तिच्यावर नऊ-दहा टक्के व्याज लागतं आणि बॉण्डवर मिळतात सव्वापाच. हा फरक दरवर्षी खिशातून भरून कुणी पाच वर्षं मजा करणार नाही. ज्याला गरज आहे तोच जाईल, आणि गरज संपली की सोडवेल. तरीही खात्री हवी असेल तर अटी घाला : फक्त शेड्यूल्ड बँकेकडे, फक्त धंद्याच्या खेळत्या भांडवलासाठी, दर्शनी किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत, आणि पहिलं एक वर्ष नाही. कर्ज बुडालं तर बँकेनं बॉण्ड मुदतीआधी मोडू नयेत, मुदत संपल्यावर पैसे घ्यावेत. बॉण्ड हल्ली डीमॅटमध्येही मिळतात, तिथं तारणाची नोंद करायला नवं काही शोधावं लागत नाही.

आणि हे काही जगावेगळं मागणं नाही. आपल्याच सरकारचं राष्ट्रीय बचत पत्र घ्या. त्याचीही मुदत पाच वर्षं, त्यावरही ८० सीची सूट, आणि तरी ते पोस्टात नोंद करून बँकेकडे तारण ठेवता येतं. सरकारी कामांचे कंत्राटदार वर्षानुवर्षं अनामत म्हणून बचत पत्रंच गहाण देत आलेत. खात्यांच्या कपाटात त्यांच्या थप्प्या असतात. दीड लाखाच्या सुटीला जे चालतं ते ५० लाखांच्या रोख्याला का चालू नये?

दुसरं उदाहरण करमुक्त रोख्यांचं. महामार्ग प्राधिकरणानं, रेल्वेच्या वित्त महामंडळानं आणि इतरांनी २०१५-१६ पर्यंत असे रोखे काढले, त्यात कंपन्यांसाठी वेगळा गट राखलेला असायचा. कंपन्या ते घ्यायच्या कारण व्याजावर कर नव्हता. शेअर बाजारात नोंद असल्यानं ते विकताही येत आणि तारणही ठेवता येत. त्या आधी नव्वदच्या दशकात रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे बांधली गेली तीही मोठ्या प्रमाणात रोख्यांच्या पैशावर, त्यातही करमुक्त रोखे होते. घेणाऱ्यांनी ते कोकणाच्या प्रेमानं घेतले असं मी म्हणणार नाही. (आमच्या सीएंचे वडील मूळचे राजापूरचे, ते मात्र अजूनही तसंच म्हणतात.) मुद्दा हा की देणाऱ्याचा हात पुरता बांधून न ठेवताही रेल्वे उभी राहिली.

चोपन्न ईसीचा मात्र प्रवास उलटा झालाय. २००० साली कलम आलं तेव्हा रकमेला मर्यादा नव्हती. २००७ मध्ये ५० लाखांची मर्यादा आली आणि आजही ५० लाखच आहे. २००७ मधल्या ५० लाखांत उद्यमनगरात काय यायचं आणि आज काय येतं ते मी लिहायला नको. २०१८ मध्ये मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. त्याच वर्षी सूट फक्त जमीन आणि इमारतीच्या नफ्यापुरती उरली. गोव्यातल्या व्ही. एस. डेम्पो कंपनीचा खटला आमचे सीए नेहमी सांगतात. त्यांनी 'प्रियदर्शनी' नावाचा माल चढवायचा तराफा विकला, घसारा घेतलेली मालमत्ता म्हणून खात्यानं नफा अल्पकालीन ठरवला आणि या कलमाच्या पूर्वजाची, ५४ ई ची, सूट नाकारली. विक्री १९८८-८९ ची, निकाल सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा, आणि तो कंपनीच्या बाजूनं लागला. जवळपास अठ्ठावीस वर्षांनी मिळालेल्या त्या न्यायाचा उपयोग जहाजवाल्याला आणि यंत्रवाल्याला पुढं दोन वर्षंही झाला नाही. आमच्या शेडच्या बांधकामाला मात्र तो निकाल कामी आला, म्हणून तक्रार करायचा मला तरी हक्क नाही.

आणि जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर १२.५ टक्के झाला. दर कमी झाला, पण निर्देशांकाचा लाभ गेला. व्यक्तींना जुन्या जागांसाठी पर्याय दिलात, फर्मला आणि कंपनीला नाही. ते एक वेळ राहू दे. पण आज तेच ५० लाखांचं गणित मांडतो. वाचणारा कर सेससह साडेसहा लाख. बॉण्डचं व्याज ५.२५ टक्के, कर जाऊन हातात वर्षाला १ लाख ८० हजार ६००. कर भरून उरलेले साडेत्रेचाळीस लाख दहा टक्क्यांच्या सीसीत टाकले तर कर धरून वर्षाला २ लाख ९९ हजार वाचतात. पाच वर्षांत बॉण्डची बाजू साध्या हिशोबानं ५७ हजारांनी वर. व्याजावर व्याज धरलं की तेही जाऊन उलट ३१ हजारांचा तोटा. सहा लाखांचा फायदा होता तिथं आता शून्याच्या आसपास. आता कोण घेणार? ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो. म्हणजे ज्याची जमीन विकली गेली आणि ज्याला पैशाचं दुसरं काही करायचं नाही असा माणूस. चालत्या कारखान्यानं हे बॉण्ड घ्यायचं कारण हळूहळू संपत आलंय. २०२५ मध्ये आपण हुडको आणि इरेडा या सरकारी कंपन्यांचीही नावं हे बॉण्ड काढणाऱ्यांच्या यादीत घातलीत. दुकानं वाढली, पण गिऱ्हाईकाच्या खिशाचं गणित तेच राहिलं.

सरकारच्या बाजूनंही मी मांडून पाहिलं, एकतर्फी नको म्हणून. समजा अशी कंपनी बाजारात सव्वासात टक्क्यांनी पैसे उभे करू शकते आणि आमच्याकडून तिला सव्वापाचनं मिळतात. ५० लाखांवर पाच वर्षांत तिची बचत पाच लाख. तिजोरीनं सोडलेला कर साडेसहा लाख, त्यातले काही आमच्या व्याजावरच्या करातून परत येतात. म्हणजे तुमचंही फार जात नाही, फार मिळतही नाही. व्याज वाढवा म्हणावं तर कंपनीची बचत जाते, कर पुन्हा वाढवा असं तर मी म्हणणारच नाही. मर्यादा ५० लाखांवरून वाढवली तर तिजोरीला झळ बसेल, ते आपण ठरवा. एकच गोष्ट अशी आहे जिला सरकारचा एक पैसा लागत नाही आणि जिनं आमच्या बाजूचं पारडं जड होतं. ती म्हणजे तारणाची परवानगी. कारण छोट्या कारखानदाराला व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त भीती असते ती अडचणीच्या महिन्याची. त्या महिन्यात बॉण्ड उपयोगी पडणार असतील तर तो सव्वापाच टक्क्यांनीही घेईल.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. कलमांचे आकडे बदलले, आम्ही तोंडानं चोपन्न ईसीच म्हणत राहणार. तेव्हा आकडा कुठलाही असो, त्या खालच्या स्पष्टीकरणात कर्ज आणि उचल हे शब्द आहेत तिथं "शेड्यूल्ड बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी घेतलेली उचल वगळून" एवढी भर घालावी. मसुदा माझ्यापेक्षा आपले लोक चांगला करतील.

जाता जाता, मेळाव्यातल्या त्या मशीन शॉपवाल्यांबद्दल. त्यांनी आता उद्यमनगरातली जागा विकलीय, नफा कोटीच्या वर आहे. सीसी काठोकाठ आहे, राहतं घर अजून मोकळं आहे. मी त्यांना वरचा ५७ हजारांचा आणि ३१ हजारांचा कागद करून दिलाय. तो त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, अडचण आली तर हे ठेवून पैसे मिळतील का तेवढं विचारून सांगा, मिळणार असतील तर घेतो. त्यांच्या सहा महिन्यांतले दोन संपलेत.

आपला,
एका फाउंड्रीचा हिशोबनीस
शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर